मूठभर जर्मन

१

सोमवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. सिंगापूरच्या यिशुनमधल्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरून, मूठभर जर्मन नाहीसे झाले.

हे जर्मन म्हणजे हिरवे मूग होते. चारुदत्त पेठे यांच्या जेवणाच्या टेबलावर गेले दोन महिने जेवण होत नव्हतं. तिथे प्लायवूडचा एक भलामोठा नकाशा मांडलेला होता, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा. त्यावर जागोजाग धान्याचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगात टूथपिकला चिकटवलेला कागदी झेंडा. मिलवॉकीच्या आसपास जो मुगाचा ढीग होता, त्याला एका बाजूने खळगा पडला होता.

चारुदत्तांनी चहा ठेवला नाही, बायकोला उठवलं नाही. त्यांनी सरळ मधुवंती सबनीसला फोन लावला.

"मधुवंती, तिसऱ्यांदा झालं."

"काय झालं?"

"पहिल्या सोमवारी इंग्रज गेले. मला वाटलं, माझीच नजर चुकली. गेल्या सोमवारी आयरिश. आज जर्मन. कोणीतरी माझी अमेरिका रिकामी करतंय."

मधुवंती पाया लेबारच्या एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. फुटलेले पाइप, जळालेली गोदामं आणि खोटं बोलणारी सज्जन माणसं यांत तिची वीस वर्षं गेली होती. पण इंग्रज गेल्याचा दावा तिच्याकडे पहिल्यांदाच येत होता.

"संध्याकाळी येते," ती म्हणाली. "तोवर कशाला हात लावू नका. आणि चारुदत्तराव, नीलिमाला म्हणावं, माझ्यासाठी खिचडी ठेव."

२

चारुदत्त तांजोंग पगारच्या एका बँकेतून वर्षापूर्वी निवृत्त झाले. त्यांचे सहकारी गोल्फकडे वळले, ते एकोणिसाव्या शतकाकडे वळले. अमेरिकेला ते आयुष्यात कधी गेले नव्हते. पण शतकाच्या सुरुवातीला बावन्न-त्रेपन्न लाखांचा असलेला देश शतक संपताना साडेसात कोटींचा कसा झाला, कोण कुठून आलं, कोणाला आत घेतलं आणि कोणाला दारातून परत पाठवलं, हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की ऐकणाऱ्याला घड्याळ बघायचा धीर होत नसे. सप्टेंबरअखेर जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. नकाशा त्याचाच.

संध्याकाळी मधुवंती आली, तेव्हा सगळे मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर बसले होते.

"बघ," नीलिमा म्हणाली. ती आणि मधुवंती शाळेपासूनच्या मैत्रिणी. "अमेरिका जेवणाच्या टेबलावर, आणि आम्ही निर्वासित."

मधुवंतीने आधी नकाशा बघितला, मग माणसं. ही तिची कामाची पद्धत होती. खळगा लहान होता, साधारण एका मुठीएवढा. आजूबाजूला एकही मूग सांडलेला नव्हता. काठावर जिथे मनगट टेकलं होतं, तिथे गुळगुळीत ठसा होता. बांगडीची वा घड्याळाच्या पट्ट्याची रेघ नाही.

"साळुंकी असती तर निम्मं धान्य जमिनीवर असतं," ती म्हणाली. "उंदीर असता तर लेंड्या मिळाल्या असत्या."

"घरात उंदीर नाहीत," नीलिमा म्हणाली.

"तेच सांगतेय. माणूस आहे. व्यवस्थित माणूस आहे. आणि लोभी नाही. शेजारी राजमा आहे, महागातला. त्याला हात लावलेला नाही."

"राजमा नाही ते," चारुदत्त दुखावल्या आवाजात म्हणाले, "रशियातून पळून आलेले ज्यू आहेत."

३

चारुदत्तांचा तर्क तयार होता. त्यांनी तो नकाशाशेजारी उभं राहून, हातात पट्टी घेऊन मांडला.

"क्रम बघ. आधी इंग्रज, म्हणजे जुने वसाहतवाले. मग बटाट्यावर रोग पडला आणि आयरिश आले. मग अठराशे अठ्ठेचाळीसचं बंड फसलं आणि जर्मन आले. जे ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने त्यांना कोणीतरी हाकलतंय! हा निरोप आहे, मधुवंती. बाहेरच्यांनी परत जावं, असा. माझ्या घरात येऊन, माझ्या टेबलावर."

"मग पुढचा नंबर कोणाचा?"

"चिन्यांचा. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा आले, रेल्वे त्यांनी बांधली. आणि अठराशे ब्याऐंशीत त्यांनाच कायदा करून दार बंद केलं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. आवाजही खाली आला. "मी तीस वर्षांपूर्वी दोन सुटकेसी घेऊन या देशात उतरलो. मला हे विनोदी वाटत नाही. ज्याने कोणी हे केलंय, त्याला या घराचं दार कायमचं बंद. मग तो कोणीही असो."

"बरोबर आहे," नीलिमा म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं पहिल्याच फटक्यात मान्य करण्याची तिची ही वर्षातली पहिली वेळ असावी.

मधुवंतीने विचारलं, "रविवारी कोण कोण येतं?"

दर रविवारी दुपारी नकाशाचं काम चालायचं, आणि नंतर जेवण. यायची ती ठरलेली माणसं. मुलगा सारंग, तांजोंग पगारला नोकरी करणारा, वेगळा राहणारा. त्याच्या ऑफिसातली हुई मिन, जी चिनी लोकांच्या भागासाठी मदत करायची आणि चारुदत्तांचं व्याख्यान न जांभया देता ऐकायची. नीलिमाची भाचेसून ऋचा, गेल्याच वर्षी लग्न होऊन पुण्याहून आलेली, राहायला बेडोकला. आणि अश्लेषा, आयटीतली इंजिनिअर, जिने या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने घेतली होती.

"अश्लेषा सोमवारी सकाळीही घरातच असते," चारुदत्त हळूच म्हणाले. "मला आवडत नाही हे बोलायला. पण तिला खोली सोडायला सांगावं लागेल."

"थांबा. अजून एकाचंही बोलणं मी ऐकलेलं नाही." मधुवंतीने ताट उचललं. "आणि सारंगसाठी बघितलेल्या मुलीचं काय झालं?"

"पुण्याची ना?" नीलिमा लगेच खुलली. "तिकिटं काढली. पुढच्या महिन्यात पहिल्याच आठवड्यात जातोय. मुलगी सीए आहे, गाते, आणि सारंगने अजून नाही म्हटलेलं नाही."

"हो म्हटलंय का?"

"तो कधी काही म्हणतो का?"

त्या दिवशी जेवायला आलेला सारंग कोपऱ्यात मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही.

४

अश्लेषाने दार लावून घेतलं आणि पलंगावर मांडी घालून बसली. डोळे लाल होते.

"काका माझ्याशी दोन दिवस गुड मॉर्निंगशिवाय बोललेले नाहीत, मावशी. मी कशाला चोरू? ते जव आणि सातू मीच तर आणले पुण्याहून. इथे कुठे मिळतात ते काकांना सापडेना. कस्टमवाल्याने बॅग उघडून विचारलं, हे काय. मी म्हटलं, अमेरिकेची लोकसंख्या."

मधुवंती हसली. "पहिल्या रविवारी, इंग्रज गेले त्याच्या आदल्या दिवशी, तू काय करत होतीस?"

"झेंडे कापत होते. ऋचा गोंद लावत होती. सारंग पंख्याखाली झोपला होता. हुई मिन बिचारी स्वयंपाकघरात अडकली होती. नीलिमाकाकूंनी तिला तासभर धरून ठेवलं. काकूंचं इंग्रजी एकदा सुरू झालं की थांबत नाही. शेवटी मीच तिला सोडवायला गेले, तर ती म्हणाली, नो नो, आँटी टेलिंग स्टोरी."

"आणि हे?" मधुवंतीने तिच्या मनगटाकडे बोट केलं. घड्याळाचा रुंद धातूचा पट्टा होता.

"हे? आंघोळीलासुद्धा निघत नाही. काढलं तर मोजलेली पावलं जातात."

ऋचा बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत भेटली. हातात हिरवा चुडा, समोर उसाचा रस.

"मला एक सांगा मावशी, काकांना खरंच वाटतं की मी येऊन त्यांचे मूग पळवीन? आमच्या सासूबाईंनी पंधरा किलो धान्य पाठवलंय पुण्याहून. नवी सून उपाशी मरेल अशी भीती त्यांना. हे बघा." तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. घरचं देवघर, चांदीची छोटी पिंड, वर बेल. "दर सोमवारी फोटो टाकावा लागतो त्यांना. नाही टाकला तर फोन येतो."

मधुवंतीने फोटो नीट बघितला. मनात कुठेतरी काहीतरी हललं, पण वर आलं नाही.

सारंग तर बोलायलाच तयार नव्हता. "मावशी, काहीतरी मूठभर धान्याचं प्रकरण आहे. बाबांना सांग, विसरा."

"तुझे बाबा अश्लेषाला घराबाहेर काढायला निघालेत."

तो म्हणाला, "ती नाही. एवढं नक्की."

"तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक नाही... वाटतं," तो म्हणाला आणि त्याला अचानक मीटिंग आठवली.

हुई मिन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसखाली आली. नाजूक चण, केस बांधलेले, हातात काहीही नाही, अंगठीसुद्धा नाही. तिचं इंग्रजी भराभर वाहायचं. मधुवंतीने ते मनातल्या मनात मराठीत उतरवून घेतलं.

"माझ्या पणजोबांचा भाऊ कॅलिफोर्नियाला गेला होता. पणजोबा इथे आले. एकाच गावातून, एकाच वर्षी. पणजोबांनी बायकोला आणलं. भावाला आणता आली नाही, कायदा झाला होता ना. ती गावात राहिली. तो पैसे पाठवायचा, ती वाट बघायची. म्हातारी होईपर्यंत. हे मी अंकलना सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी नकाशाच्या बाहेर, टेबलाच्या कडेला, एक दाणा ठेवला. बघितलात तुम्ही?"

मधुवंतीने तो एकटा दाणा बघितला होता. तिला वाटलं होतं, सांडलेला आहे.

निघताना हुई मिनने विचारलं, "आँटी खूप रागावल्यात का?"

"नकाशा अंकलचा आहे," मधुवंती म्हणाली.

"हो, हो. अंकलच." आणि ती लिफ्टकडे वळली.

५

शनिवारी मधुवंती पुन्हा यिशुनला गेली. तिला एकच गोष्ट टोचत होती. ठरवून निरोप देणारा माणूस सोमवारच का निवडेल? आणि निरोप द्यायचा तर सगळा ढीग उधळून देईल. हा माणूस मूठभरच नेतो.

"चारुदत्तराव, कोणत्या लोकांना कोणतं धान्य, हे कोणी ठरवलं?"

"नीलिमाने. मी एकेका लोकांचं नाव घेत गेलो, ती स्वयंपाकघरातून धान्य सांगत गेली. मी म्हटलं इंग्रज, ती म्हणाली तांदूळ."

मधुवंती स्वयंपाकघरात गेली. नीलिमा पोळ्या लाटत होती.

"नीले, ती नावं सांग बरं. त्याच क्रमाने."

"तांदूळ," नीलिमा लाटणं न थांबवता म्हणाली. "तीळ. मूग. जव. सातू. मग काय... मसूर, राजमा, जे बरणीत दिसलं ते."

"पहिली पाच बरणीत दिसत होती?"

"छे. जव आणि सातू तर घरात नव्हतेच. म्हणून तर अश्लेषाला आणायला सांगितले."

"जे घरात नव्हतं, ते तुझ्या तोंडात कसं आलं?"

लाटणं थांबलं. पोळी अर्धवट गोल राहिली.

"अगंबाई," नीलिमा म्हणाली. "शिवामूठ."

६

श्रावण चालू होता. नव्याने लग्न झालेल्या सुनेने पहिली पाच वर्षं श्रावणातल्या दर सोमवारी शंकराला मूठभर धान्य वाहायचं. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. नीलिमाने तरुणपणी पाच वर्षं हे केलं होतं. ती पाच नावं तिच्या जिभेवर त्याच क्रमाने बसलेली होती. नवऱ्याने धान्य विचारलं आणि जीभ तिच्या सवयीने चालली. चारुदत्तांनी शोधून काढलेला इतिहासाचा क्रम मुळात त्यांच्या बायकोच्या तोंडचा होता.

म्हणजे कोणी कोणाला हाकलत नव्हतं. कोणीतरी व्रत करत होतं.

"ऋचाच!" नीलिमा म्हणाली. "घरात नवी नवरी तीच. थांब, फोन करते."

"नको. ऋचाच्या सासूने पंधरा किलो धान्य पाठवलंय, आणि ती दर सोमवारी पिंडीचा फोटो टाकते. तिचं तिच्या घरी चाललंय. शिवाय तिच्या हातात चुडा आहे, आणि खळग्याच्या काठावर बांगडीची रेघ नव्हती. एक सांग, तू करायचीस तेव्हा धान्य कुठलं घ्यायचीस?"

"आमच्यात सासरच्याच घरातलं लागतं. माहेरचं चालत नाही. कहाणीच तशी आहे ना. नावडती सून असते, ती मूठ वाहते आणि मागते की सासरच्या सगळ्यांची मी लाडकी होऊ दे." नीलिमाने पोळी तव्यावर टाकली. मग तिने ती उलटलीच नाही.

"करपतेय," मधुवंती म्हणाली.

"हं."

नीलिमाने गॅस बंद केला, पोळी तशीच तव्यावर राहिली. धान्य सासरच्या घरातलं लागतं. धान्य या घरातून गेलं. या घरात मुलगा एकच होता. मधुवंतीने हे तोंडाने उच्चारलं नाही. नीलिमाने विचारलंही नाही. ती मूर्ख नव्हती, म्हणूनच विचारलं नसावं.

लिफ्टमधून उतरताना मधुवंतीने हिशोब मांडला. मराठी मुलगी, लग्नाच्या वयाची, याच छपराखाली राहणारी, आणि सारंग जिच्याबद्दल छातीठोक सांगतो की ती नाही. सगळी बोटं अश्लेषाकडे जात होती. फक्त तो घड्याळाचा पट्टा आड येत होता.

खात्री करून घ्यायला पुढचा सोमवार हाताशी होता.

७

रविवारी सकाळी तिने चारुदत्तांना एक सूचना केली. "तुमचे चिनी सगळे एकाच ठिकाणी का? न्यूयॉर्कलाही होते ना?"

"होते! शतकाच्या शेवटी बरेच तिकडे सरकले. पश्चिमेला दंगली झाल्या, मारहाण झाली..."

"मग दोन ढीग करा. कॅलिफोर्नियाला अश्लेषाने आणलेले जव. न्यूयॉर्कला हे." तिने सुपरमार्केटमधली पिशवी पुढे केली. सोललेली, पांढरीशुभ्र, मोत्यासारखी बार्ली. सिंगापुरात घराघरात जिचं गार सरबत करतात ती.

"पण झेंडा दोन्हीकडे एकच लावा," ती म्हणाली.

दुपारी सगळे आले. काम झालं, पुरणपोळ्या झाल्या. चारुदत्त कोणाशीच धड बोलले नाहीत. अश्लेषा जेवायला बाहेर आली नाही. टेबलाभोवती माणसं येत-जात राहिली आणि मधुवंतीने मुद्दाम कोणावरही पाळत ठेवली नाही. माणूस पाहिला की आपण त्याच्या चेहऱ्यावरून निकाल लावतो, हे तिला ठाऊक होतं. धान्य चेहरा करत नाही.

सोमवारी सकाळी चारुदत्तांचा फोन आला. "गेले! मी म्हटलं नव्हतं? चिनी!"

"कुठले? कॅलिफोर्नियाचे की न्यूयॉर्कचे?"

"न्यूयॉर्कचे. पण ते कसं शक्य आहे? ते तर नंतरचे. क्रमात बसत नाही."

मधुवंती पलंगाच्या कडेला बसली. पांढरी बार्ली.

जी मुलगी स्वतः पुण्याच्या दुकानातून सालासकट जव निवडून आणते, ती व्रताला पॉलिश केलेली बार्ली उचलणार नाही. ज्या घरात लहानपणापासून पूजा बघितली, तिथल्या कोणालाही सोललेला दाणा देवाला वाहवणार नाही. ही चूक करणाऱ्या व्यक्तीला जव ठाऊकच नव्हते. तिला कोणीतरी इंग्रजीत सांगितलं होतं, चौथ्या सोमवारी बार्ली. आणि तिच्यासाठी बार्ली म्हणजे ही, आजीच्या स्वयंपाकघरातली, पांढरी.

स्वयंपाकघरात तासभर. आँटी टेलिंग स्टोरी.

मूठ वाहायला पिंड लागते, आणि तिच्या घरी ती असणार नव्हती; मधुवंतीने ऑफिसला उशीर होईल असा मेसेज टाकून शिवमंदिराची वाट धरली.

८

पाया लेबारजवळच्या शिवमंदिरात त्या वेळी ऑफिसला जाणाऱ्यांची वर्दळ असते. चपला काढायच्या, हात जोडायचे, पुन्हा एमआरटीची गाडी पकडायची. हुई मिन गाभाऱ्यासमोर एका बाजूला उभी होती. गळ्यात ऑफिसचा पास, पाय अनवाणी. पुजाऱ्याने तिच्यापुढे पितळी ताट धरलं होतं. तिने मूठ उभी धरली आणि हळूहळू सोडली. ओठ हलत होते.

मागे वळल्यावर तिला मधुवंती दिसली. ती पळाली नाही. तिने हात ड्रेसला पुसले.

दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या.

"कधी?" मधुवंतीने विचारलं.

"मे महिन्यात. रजिस्टर केलं. माझ्या आईला माहीत आहे." ती खाली बघत होती. "सारंग आधी म्हणत होता, ऑगस्टमधला नॅशनल डे झाला की सांगतो. मग म्हणाला, प्रदर्शन झालं की. आता म्हणतो, पुण्याहून आले की."

"आणि तू धान्य चोरत राहिलीस."

"आँटींनी गोष्ट सांगितली. एक सून असते, ती कोणालाच आवडत नाही. ती पाच मुठी देते, मग सगळ्यांना आवडायला लागते. मला वाटलं, ही माझ्यासारखीच, लाह." वाक्याला ते सिंगापुरी 'लाह' जोडत तिने डोळे पुसले आणि ती हसलीही. "मी विचारलं, धान्य विकत आणलं तर? आँटी म्हणाल्या, नो नो, मस्ट बी मदर-इन-लॉज हाउस. मग मी काय करणार? मागितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"अंकलनी काय ठरवलंय ते ऐकलंस ना? ज्याने घेतलं त्याला दार बंद."

"ऐकलं." तिने गळ्यातला पास सरळ केला. "एक विचारू? तुम्ही इन्शुरन्समध्ये आहात. ते माझं सासर आहे ना? मग ते माझंही घर. आपल्याच घरातून घेतलं तर चोरी होते?"

वीस वर्षांत मधुवंतीला असा प्रश्न कोणी टाकला नव्हता.

"दावा नामंजूर होईल," ती शेवटी म्हणाली. "पण आज तू चुकीची बार्ली वाहिलीस. साल असलेली लागते."

हुई मिनचा चेहरा इतका पडला, की मधुवंतीला तिचा हात हातात घ्यावा लागला. "अगं, चालतं. देवाला भूगोल कळतो."

संध्याकाळी तिने सारंगला गाठलं. त्याला बोलायला फारसा वाव दिला नाही. "ती मुलगी देवळात अनवाणी उभी राहते आणि तू मीटिंगमध्ये लपतोस. अश्लेषा खोलीत रडते. रविवारी जेवायच्या आधी तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. मी सांगणार नाही."

"बाबांनी दार बंद केलं तर?"

"तर बाहेर उभा राहा तिच्याबरोबर. अर्धा पाऊण तास. त्यापुढे तुझ्या आईच्याने राहवणार नाही." हे वाक्य तिने ठाम आवाजात म्हटलं, पण तेवढी ठाम ती नव्हती. चारुदत्तांना तिने फक्त इतकंच कळवलं, की अश्लेषा निर्दोष आहे, तिची माफी मागा. त्यांनी त्याच रात्री मागितली, आणि वर तिला नॉर्वेजियन लोकांबद्दल बराच वेळ समजावून सांगितलं.

९

रविवारी सारंगने तीनदा घसा खाकरला. पहिल्यांदा चारुदत्तांनी त्याला मध आणून दिला, दुसऱ्यांदा ऋचाने दुसराच विषय काढला, तिसऱ्यांदा तो स्वतःच पाणी प्यायला उठला. जेवणं झाली. हुई मिन ताटं धुवायला गेली.

मधुवंती नकाशाजवळ उभी होती. नीलिमा हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात सातूची पिशवी होती. मिनेसोटाच्या नॉर्वेजियनांचा ढीग आधीच भरपूर होता. तिने त्यावर आणखी सातू ओतले, बोटांनी नीट डोंगर केला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "हुई मिन! कम हिअर. सी. धिस इज सातू. व्हेरी गुड क्वालिटी. विथ साल."

हुई मिन हातातल्या ओल्या ताटासकट दारात उभी राहिली. नीलिमाने तिच्याकडे बघितलं नाही. ती टेबलाच्या कडेला वाकली, नकाशाबाहेर ठेवलेला तो एकटा दाणा उचलला, आणि कॅलिफोर्नियात नेऊन ठेवला.

"अगं, ती कधी पोचली नव्हती," चारुदत्त ओरडले. "इतिहास आहे तो!"

"असू दे," नीलिमा म्हणाली.

१०

सोमवार. चारुदत्तांचा फोन त्याच वेळी आला.

"सातू गेले. पण मधुवंती, या वेळी दोन खळगे आहेत. एक नेहमीचा. दुसरा मोठा."

"मोठ्याच्या काठावर बघा. रेघा आहेत का? बांगड्यांच्या?"

पलीकडे चष्मा शोधल्याचा आवाज आला.

"आहेत," ते म्हणाले. "आणि नीलिमा घरात नाही. सकाळीच कुठेतरी गेली. देवघरातलं ताम्हन दिसत नाहीये. सारंगला लावला, तो म्हणतो, हुई मिन साडेपाचलाच निघाली, कुठे ते सांगितलं नाही. काय चाललंय काय? आणि ही बाई जाताना बाहेरच्या गेटला कुलूपही न लावता गेली आहे. सताड उघडं!"

"बंद करू नका," मधुवंती म्हणाली.

"का?"

तिने फोन ठेवला; शिवमंदिरात आज दोघी बरोबर असणार, पण ते सांगणं सारंगचं काम होतं. चारुदत्त आठ वाजेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसले होते, असं अश्लेषाने कळवलं. नीलिमाचा फोन अजून बंद आहे. पुण्याची तिकिटं अजून रद्द झालेली नाहीत.